नळी कोणी घालायची?

विसावं शतक उजाडत होतं तेव्हा न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये डॉक्टर यायचा तो मुलांना बरं करायला नव्हे, घरी धाडायला. शहराच्या आरोग्य खात्याने १८९७ पासून शाळातपासणीसाठी डॉक्टर नेमले होते. डोळ्यांत खुपऱ्या, डोक्यात उवा, अंगावर खरूज किंवा गजकर्ण दिसलं की हातात चिठ्ठी पडायची आणि मूल शाळेबाहेर. चिठ्ठीवर रोगाचं नाव असे, पण मलम कुठे मिळेल, ते लावायचं कसं आणि लावणार कोण, हे सांगायला कोणी नसे. गरीब वस्तीतल्या परक्या मुलुखातून आलेल्या आईला बहुधा ती वाचताही येत नसे. हेन्री स्ट्रीटच्या वस्तीत परिचारिकांचं केंद्र चालवणाऱ्या लिलियन वॉल्डने अशाच एका बारा वर्षांच्या मुलाची हकीकत लिहून ठेवली आहे. डोक्यावरच्या फोडांमुळे त्याला दरवेळी घरी पाठवत, त्यामुळे शाळा अशी त्याला मिळालीच नव्हती. आईने दवाखान्यातून मलम आणलंही होतं. कमी होती ती ते रोज, नीट, चिकाटीने लावणाऱ्या हाताची. वॉल्डच्या केंद्राने ऑक्टोबर १९०२ मध्ये लीना रॉजर्स नावाच्या नर्सला महिनाभराच्या प्रयोगासाठी चार शाळांमध्ये पाठवलं. तिने शाळेतच मलमपट्टी सुरू केली, ज्यांना घरी राहणं भाग होतं त्यांच्या घरी जाऊन आईला सगळं करून दाखवलं. सप्टेंबर १९०२ मध्ये शाळेबाहेर काढलेल्या मुलांचा आकडा साडेदहा हजारांवर होता. वर्षभराने, आणखी नर्सेस नेमल्यानंतर, तो अकराशेवर आला. रोग तेच होते, मुलंही त्याच वस्त्यांमधली होती.

अपंग मुलांच्या शिक्षणाचा अमेरिकन इतिहास सांगताना सहसा या नर्सपासून सुरुवात करत नाहीत. तो सांगतात न्यायालयांपासून, मोर्चांपासून, १९७५ च्या कायद्यापासून. ते सगळं खरंच आहे, आणि पुढे येईलच. पण मला वाटतं, या इतिहासाचा काटा वळला तो दरवेळी एका अगदी किरकोळ दिसणाऱ्या प्रश्नावर: शाळेच्या वेळात मुलाच्या शरीराचं जे काम निघतं, ते कोणी करायचं? मलम लावणं, नळी घालणं, कफ ओढून काढणं, साखर तपासून सुई टोचणं. ज्या कामाला करणारा हात ठरला, त्या कामापुरता हक्क खरा झाला. जिथे हात ठरला नाही, तिथे तो हक्क कायद्याच्या पुस्तकातच राहिला. ‘सर्वांना शिक्षण’ या घोषणेला विरोध करणारा माणूस शोधून सापडत नाही. विरोध सुरू होतो तो ‘मग तिची लंगोट कोण बदलणार?’ इथे.

हात ठरण्याआधी काय चालत होतं, त्याचा एक नमुना विस्कॉन्सिन राज्याच्या न्यायालयीन दप्तरात आहे. अँटिगो गावातला बीटी नावाचा मुलगा जन्मापासून अर्धांगाच्या त्रासाने अधू होता. बोलणं अडखळत, तोंडातून लाळ गळे. बुद्धी मात्र बरोबरीच्या मुलांइतकीच. पाचव्या इयत्तेपर्यंत तो साध्या शाळेत शिकला. मग शाळा मंडळाने त्याला काढलं, कारण त्याच्याकडे पाहून शिक्षकांना आणि मुलांना उदास वाटतं, मळमळतं. बहिऱ्या आणि तोतऱ्या मुलांच्या वर्गात जा, असं सांगितलं. आईबापांनी नकार दिला. ज्यूरीने मुलाच्या बाजूने कौल दिला, पण १९१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचा निर्णय उचलून धरला. लाळ पुसायला एक रुमाल आणि जवळ बसणारं एक माणूस, एवढ्याने भागलं असतं का, हा प्रश्न निकालात कुठेच नाही. पुढल्या पिढीतही भाषा बदलली, रीत तीच राहिली. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या ज्युडी ह्यूमनला पाचव्या वर्षी ब्रुकलिनच्या शाळेने नाकारलं ते ‘आग लागली तर धोका’ म्हणून. १९१९ मध्ये मूल किळसवाणं होतं, १९५० च्या सुमारास ते ज्वालाग्राही झालं, एवढीच काय ती प्रगती.

सत्तरच्या दशकात मात्र दारं धडाधड उघडली. शाळेत काळ्या मुलांना वेगळं बसवता येत नाही, या १९५४ च्या निकालाचा आधार घेऊन अपंग मुलांच्या पालकांनी दावे लावले. पेनसिल्व्हेनियात मतिमंद मुलांच्या पालकसंघटनेने १९७१ मध्ये दावा लावला. ‘मानसिक वय’ पाच न झालेल्या मुलाला प्रवेश नाकारायची मुभा देणारा तिथला कायदा त्याने निष्प्रभ झाला. राजधानी वॉशिंग्टनमधल्या मिल्स खटल्यात १९७२ मध्ये न्यायाधीश वॉडी यांनी शहराची पैसे नसल्याची सबब फेटाळली. पैसे कमी असतील तर ती झळ सगळ्यांना बसू दे, एकट्या अपंग मुलालाच अधिक का, असा त्यांचा सूर होता. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या शेवटी ५०४ क्रमांकाचं एकच वाक्य आलं: केंद्राचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमात अपंगत्वापायी भेदभाव चालणार नाही. १९७५ मध्ये सर्व अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. त्याच्या प्रस्तावनेतच कबुली होती की देशातल्या ऐंशी लाख अपंग मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि दहा लाख तर शाळेच्या पूर्ण बाहेर आहेत. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केली खरी, पण केंद्राला झेपणार नाही इतकं हा कायदा कबूल करतो, अशी कुरकुर सहीबरोबरच नोंदवली. ५०४ ची नियमावली चार वर्षं रखडली. एप्रिल १९७७ मध्ये ह्यूमन, किटी कोन आणि शंभरावर अपंग माणसं सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्रीय कचेरीत जाऊन बसली, ती साडेतीन आठवड्यांहून अधिक काळ हलली नाहीत. त्या बैठ्या सत्याग्रहातली भाषणं गाजली. मला त्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. आत अशी माणसं होती ज्यांना रात्री कूस बदलायलाही दुसऱ्याची मदत लागे, कोणाला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, लागे, कोणाला थंड ठेवायची औषधं. औषधांसाठी वातानुकूलन यंत्राला खोकं चिकटवून फ्रीज केला. ब्लॅक पँथरच्या कार्यकर्त्यांनी गरम जेवण पोचवलं. कूस बदलण्यापासून नळीपर्यंतची कामं आंदोलकांनी आपसांत वाटून घेतली. २८ एप्रिलला मंत्री कॅलिफानो यांनी नियमावलीवर सही केली. सरकारी शाळा जी कामं ‘अशक्य’ म्हणत होत्या, ती एका कचेरीच्या जमिनीवर होऊन गेली होती.

तरीही कायदा आणि मूल यांच्यामध्ये एक फट उरली होती. १९७५ च्या कायद्याने शिक्षणाबरोबर ‘पूरक सेवा’ देऊ केल्या, पण वैद्यकीय सेवा निदानापुरत्याच मर्यादित ठेवल्या. मग शाळेतलं आरोग्याचं काम कुठे संपतं आणि वैद्यकीय उपचार कुठे सुरू होतो? या रेषेवरचा झगडा समजायला थोडं वैद्यकशास्त्र लागतं. स्पायना बायफिडा या मणक्याच्या जन्मजात दोषात बहुतेकदा मूत्राशयाच्या नसा नीट काम करत नाहीत. लघवी आपणहून पुरती होत नाही, साचून राहिली तर मूत्रपिंडं बिघडतात. पूर्वी यावर उपाय होता तो रुग्णालयातला: निर्जंतुक हातमोजे, निर्जंतुक नळी, प्रशिक्षित माणूस. मिशिगन विद्यापीठाचे मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिलं की एवढा सोवळेपणा लागत नाही. स्वच्छ धुतलेले हात, स्वच्छ नळी आणि दर तीन-चार तासांनी न चुकता मूत्राशय रिकामं करणं, इतकं पुरतं; जंतूंपेक्षा तुंबणं जास्त वाईट. काम काही मिनिटांचं, शिकायला तासभरही लागत नाही. एका फटक्यात हे काम डॉक्टरच्या हातातून आईच्या हातात आलं. पुढे इन्सुलिनची पेनं, दम्याचे पंप, चाकाच्या खुर्चीला लावता येणारी श्वसनयंत्रं आली आणि हेच घडलं. तंत्र घरापर्यंत पोचलं होतं, शाळा तेवढी मध्ये अडून बसली होती.

टेक्सासमधल्या अर्विंग गावच्या, स्पायना बायफिडा असलेल्या ॲम्बर टॅट्रोच्या बाबतीत हे अडणं न्यायालयात गेलं. १९७९ मध्ये, ती साडेतीन वर्षांची असताना, शाळा मंडळाने तिच्यासाठी शिक्षणाचा वैयक्तिक आराखडा केला: बालवर्ग, व्यायामोपचार, सगळं. आराखड्यात नव्हती ती फक्त नळी. दर तीन-चार तासांनी मूत्राशय रिकामं झालं नाही तर ही मुलगी वर्गात बसूच शकत नाही हे उघड होतं, पण नळी घालणं हा वैद्यकीय उपचार आहे आणि तो आमच्या कक्षेत नाही, असं मंडळाचं म्हणणं. घरी हे काम आई-वडील करत, सांभाळणारी बाई करी, किशोरवयीन भाऊही करी. प्रकरण खालच्या न्यायालयांत वर-खाली होत पाच वर्षांनी वॉशिंग्टनला पोचलं. ५ जुलै १९८४ च्या निकालात सरन्यायाधीश बर्गर यांनी आखलेली रेषा साधी होती: ज्याला परवानाधारक डॉक्टरच लागतो ते वैद्यकीय, जे शाळेची नर्स किंवा शिकवलेला माणूस करू शकतो ती शालेय आरोग्यसेवा, आणि ती मुलाला वर्गात बसण्यासाठी आवश्यक असेल तर शाळेने द्यायलाच हवी. शाळेच्या नर्सेस गोळ्या देतात, इंजेक्शनं टोचतात. मग नळीनेच काय पाप केलं? निकाल वाचताना जाणवतं की बर्गर यांनी नकळत लीना रॉजर्सचाच धडा कायद्याच्या भाषेत उतरवला आहे. डॉक्टर मुलाला बाहेर काढायचा, नर्स आत ठेवायची. ऐंशी वर्षांनी तीच वाटणी सर्वोच्च न्यायालयाच्या पातळीवरची व्याख्या झाली. जिंकूनही टॅट्रो कुटुंबाच्या पदरी वकिलाची फी पडली नाही, कारण त्याच दिवशीच्या दुसऱ्या एका निकालाने ती वाट बंद केली होती. संसदेने १९८६ मध्ये ती पुन्हा उघडली.

इथे जो आक्षेप येतो तो उडवून लावण्यासारखा नाही. काही मिनिटांची नळी ठीक. पण रेषा एकदा आखली की ती कुठवर जाणार? आयोवातल्या सीडर रॅपिड्सच्या गॅरेटने हा प्रश्न टोकाला नेला. चार वर्षांचा असताना मोटरसायकलच्या अपघातात त्याचा मणका तुटला. मानेखाली हालचाल नाही, श्वास यंत्रावर. डोकं मात्र तल्लख. फुंकणीसारख्या नळीत फुंकून-ओढून तो खुर्ची चालवी, डोक्याच्या हालचालीने संगणक वापरी. शाळेच्या दिवसात त्याला एकदा लघवीची नळी, गरजेप्रमाणे श्वासनळीतला कफ ओढणं, जेवण भरवणं, दर तासाला पाच मिनिटं आडवं करणं, यंत्र तपासताना हाताने फुगा दाबून श्वास देणं, आणि यंत्र बिघडलं तर तत्क्षणी धावणारं माणूस, एवढं लागे. बालवर्गात त्याची अठरा वर्षांची मावशी शेजारी बसली. पुढे अपघाताच्या भरपाईतून घरच्यांनी नर्स ठेवली. १९९३ मध्ये आईने मंडळाला खर्च उचलायला सांगितलं, मंडळ नाही म्हणालं: एकेक काम नर्सचं असेल, पण दिवसभर एकाच मुलाच्या उशाशी नर्स म्हणजे वैद्यकीय सेवाच झाली. मार्च १९९९ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी सर्वोच्च न्यायालयाने गॅरेटच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलं त्याचा गाभा असा की कायद्यात खर्चाची कसोटीच नाही, ती आम्ही घालू शकत नाही. विरोधी मत देणाऱ्या थॉमस यांचा मुद्दाही बिनतोड नसला तरी प्रामाणिक होता: केंद्राचा पैसा घेताना राज्यांनी नेमकं काय कबूल केलं, हे त्यांना आधी कळायला हवं. पैशाच्या बाजूने पाहिलं तर शाळांची तक्रार खरीच आहे. १९७५ मध्ये संसदेने जादा खर्चाचा ४० टक्के भार केंद्र उचलेल असं म्हटलं होतं. प्रत्यक्षात तो वाटा त्याच्या निम्म्याच्या आसपासही क्वचित गेला. मात्र या तक्रारीचा पत्ता चुकतो. थकबाकीदार वॉशिंग्टन आहे, आणि वसुलीची नोटीस मात्र चाकाच्या खुर्चीवरच्या पोराच्या नावाने निघते.

याहून अवघड आक्षेप दुसऱ्या बाजूने येतो. शरीराची कामं वाटून दिली म्हणजे शिक्षण मिळालं का? कायद्याचा पहिला अर्थ लावला गेला तो १९८२ च्या रोली खटल्यात. न्यूयॉर्क राज्यातली ॲमी रोली बहिरी, ओठ वाचण्यात पटाईत. शाळेने तिला श्रवणयंत्र दिलं, शिकवणी दिली, वाचाउपचार दिले. आईबापांनी वर्गात खुणांच्या भाषेचा दुभाषा मागितला, तो मिळाला नाही. मुलगी वरच्या वर्गात सहज जाते आहे, सरासरीपेक्षा पुढे आहे, मग कायद्याची मागणी पुरी झाली, असं न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी बहुमताच्या वतीने लिहिलं. वर्गातलं निम्म्याहून अधिक बोलणं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं, ही बाब विरोधी मतात राहून गेली. दोनच वर्षांनी त्याच न्यायालयाने नळी मंजूर केली. म्हणजे दार उघडण्याला न्यायालय राजी होतं. आत गेल्यावर किती कानावर पडतं यात पडायला नाखूश. या मुद्द्यावर माझी मांडणी थोडी तोकडी पडते हे मान्य करायला हवं. नळी घालून झाली की काम संपतं, ते मोजता येतं. दुभाषाचं काम मोजता येत नाही, म्हणून ते नाकारणंही सोपं गेलं. शिक्षणाच्या दर्जाची किमान रेषा वर सरकायला २०१७ चा कोलोरॅडोतला एंड्र्यू एफ. खटला उजाडावा लागला. त्यात मात्र न्यायालय एकमताने म्हणालं की नाममात्र प्रगती पुरेशी नाही.

आणि मग कागद. वैयक्तिक आराखडा, ५०४ चा आराखडा, सभा, सह्या, अपील: या सगळ्याने शिक्षक कारकून झाला आणि हक्क त्याच पालकांचा राहिला ज्यांना इंग्रजी, वेळ आणि वकील परवडतो, असं म्हणतात. यात तथ्य आहे. आराखडा अपुरा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर, म्हणजे बहुधा पालकांवर, असं २००५ मध्ये ठरलं. तज्ज्ञाची फी जिंकूनही परत मिळणार नाही, हे २००६ मध्ये. पण कागद नसता तर काय झालं असतं याचं उत्तर ॲम्बरच्याच टेक्सासने दिलं. २००४ पासून राज्याच्या शिक्षण खात्याने विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांचं प्रमाण साडेआठ टक्क्यांच्या वर जाऊ नये असा निकष शाळांच्या मूल्यमापनात घातला. देशाची सरासरी तेव्हा १३ टक्क्यांच्या आसपास होती. कायदा जागचा हलला नव्हता, कोणा मुलाला कोणी उघड नाही म्हटलं नाही. फक्त आराखडेच बनेनासे झाले आणि राज्याचं प्रमाण बरोबर साडेआठवर येऊन टेकलं. ह्यूस्टन क्रॉनिकलने २०१६ मध्ये हे बाहेर काढलं, २०१८ मध्ये केंद्राने राज्याला दोषी धरलं. कागदाची कटकट ही अविश्वासाची किंमत आहे, आणि तो अविश्वास पालकांनी उगाच धरलेला नव्हता.

आपल्याकडे या विषयाची परिभाषा वेगळ्या खोलीत जन्मली. अमेरिकेत ती शाळेच्या आरोग्यखोलीत घडली, आपल्याकडे परीक्षागृहात. दहावीचा लेखनिक, तासाला वीस मिनिटं जादा वेळ, एखाद्या विषयातून सूट. आणि या सगळ्याला शब्द ‘सवलत’. सवलत देणारा देतो, न दिली तर फार तर कंजूष ठरतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सर्वसमावेशक शिक्षण आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी हे शाळांचं कर्तव्य केलं, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाणही सांगितलं: प्राथमिकला दहा मुलांमागे एक, वर पंधरा मुलांमागे एक. परीक्षा वर्षातून दोनदा येते. लघवी दर तीन तासांनी लागते, त्याबद्दल आपल्या शाळांमधली चर्चा अजून शौचालयाच्या उतारापर्यंत, रॅम्पपर्यंत, आली आहे.

अमेरिकेतही हात पक्का ठरला आहे असं नाही. कॅलिफोर्नियात पूर्णवेळ नर्स असलेल्या शाळा शंभरात जेमतेम पाच होत्या, चारांतल्या एका शाळेत नर्सच नव्हती. मधुमेही मुलांना जेवणाआधी इन्सुलिन कोणी द्यायचं? राज्याने सांगितलं, डॉक्टरची चिठ्ठी आणि पालकांची संमती असेल तर प्रशिक्षण दिलेला साधा कर्मचारीही देऊ शकतो. यावर दावा लावला तो नर्सेसच्या संघटनेने: हे परवान्याचं काम आहे, कारकुनाच्या हातात सुई देता येणार नाही. एके काळी डॉक्टरच्या मक्तेदारीतून काम सोडवून घेणारा व्यवसाय आता स्वतःची वेस राखत होता. हे हसण्यावारी न्यावं असं नाही. मात्रा चुकली तर मूल दगावतं, आणि नर्स नेमायचे पैसे वाचवायला शाळा ही पळवाट वापरतील ही भीती रास्त होती. ऑगस्ट २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नर्सेसचा दावा नामंजूर केला. न्यायालयाचा तर्क पुन्हा लॅपिडीसच्याच वाटेने गेला: जे काम लाखो घरांत आईबाप आणि खुद्द मुलं रोज करतात, ते शाळेच्या फाटकात शिरताच कायद्याने अशक्य कसं होईल?

टॅट्रो निकालात एक नोंद जाता जाता येऊन गेली आहे. नळी कोण घालू शकतं याची यादी देताना सरन्यायाधीश आई-वडील, सांभाळणारी बाई आणि भाऊ यांच्या पाठोपाठ लिहितात की ॲम्बर लवकरच हे स्वतः करू शकेल. मंडळ आणि कुटुंब पहिल्यांदा भांडले तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. निकाल लागला तेव्हा आठ.